शोमरोन्याचें जनावर: वाट, विद्या व भाकर यांविषयीं धडा

शास्त्रपाठ: लूक १०:२५–३७, गलतीकरांस पत्र ६:१–१०.

घरीं वाचण्यासाठीं: सोमवार, अनुवाद २४:१०–२२. मंगळवार, रूथ २. बुधवार, २ राजे ४:१–७. गुरुवार, मार्क २:१–१२. शुक्रवार, प्रेषितांचीं कृत्यें ६:१–७. शनिवार, २ करिंथ ८:१–२१.

धड्याचा हेतु: गरीब कुटुंबास दान देऊन थांबूं नये, शाळेपर्यंत, कामापर्यंत व बाजारापर्यंत पोहोंचण्याची वाट त्याला करून द्यावी, आणि ती अशा रीतीनें द्यावी कीं तें कुटुंब उद्यां दुसऱ्यास हात देऊं शकेल, हें शिकणें.

१. दोन वचनें, एक शिकवण

गलतीकरांस लिहिलेल्या पत्राच्या सहाव्या अध्यायांत पौल प्रेषित दोन गोष्टी सांगतो, आणि वरवर वाचणारास त्या परस्परविरुद्ध वाटतात. दुसऱ्या वचनाचा आशय असा कीं, विश्वासणाऱ्यांनीं एकमेकांच्या भाराखालीं खांदा द्यावा, कारण ख्रिस्ताचा नियम याच रीतीनें पाळला जातो. पांचव्या वचनाचा आशय असा कीं, प्रत्येकाला आपलें ओझें आपणच उचलावें लागेल. मग खरें कोणतें?

दोन्हीं खरीं आहेत. मूळ ग्रीक भाषेंत या दोन ठिकाणीं दोन निराळे शब्द आहेत. पहिला शब्द ‘बारोस’. त्याचा अर्थ माणसाला दडपून टाकणारा जड भार. दुसरा शब्द ‘फोर्तिओन’. त्याचा अर्थ वाटसरूनें स्वतः वाहावयाचें गाठोडें. शेतकऱ्यास याचा अर्थ फोड करून सांगावयास नको. भरलेली गाडी चिखलांत रुतली म्हणजे शेजारी धांवून येतात व चाकास खांदा लावितात. गाडी वर निघाली म्हणजे ती हांकावयाची ती ज्याची त्यानेंच. शेजारी आले नाहींत तर गाडी तेथेंच राहील. आणि शेजाऱ्यांनींच ती रोज हांकली तर धन्याचे हात कायमचे रिकामे राहतील.

मंडळ्यांत या दोन्हीं चुका आढळतात. कोणी पांचवें वचन तेवढें धरतात आणि म्हणतात, “काम करील तो खाईल, आम्ही काय करावें?” कोणी दुसरें वचन तेवढें धरतात आणि नाताळांत धान्य व लुगडें वांटून समाधान पावतात, पुढच्या नाताळांत तेंच कुटुंब त्याच दारीं उभें असतें. आजचा धडा या दोहोंच्या मधल्या वाटेचा आहे.

२. शोमरोन्यानें काय काय केलें

यरुशलेमाहून यरीहोस जाणाऱ्या वाटेवर पडलेल्या मनुष्याची गोष्ट आपल्या मुलांनाही पाठ आहे. शोमरोन्यास दया आली. त्यानें तेल व द्राक्षारस ओतून जखमा बांधिल्या. येथवर सर्वांच्या ध्यानांत राहतें. परंतु त्यापुढें त्यानें काय केलें तें वर्गाकडून एक एक करून वदवून घ्यावें.

त्यानें त्या मनुष्यास आपल्या जनावरावर बसविलें. याचा अर्थ उघड आहे: तो स्वतः खालीं उतरला व पायीं चालला. त्यानें त्यास उतारशाळेंत नेलें. दुसऱ्या दिवशीं त्यानें उतारशाळेच्या रक्षकास दोन दिनार दिले. मत्तय २०:२ वरून कळतें कीं ती त्या काळच्या मजुराची दोन दिवसांची मजुरी होती. जास्त खर्च लागला तर परत येतांना देईन असा शब्दही त्यानें दिला. म्हणजे तो जामीन राहिला.

जनावर नसतें तर तेल व द्राक्षारस यांचा उपयोग किती झाला असता? जखमा बांधलेला मनुष्य त्याच वाटेवर पडून राहिला असता. दया त्याच्यापर्यंत पोहोंचली होती, पण जेथें तो बरा होऊं शकेल तेथपर्यंत त्याला पोहोंचविणेंही अवश्य होतें. हेंही पाहावें कीं शोमरोन्यानें त्यास आपल्या घरीं कायमचा आश्रित करून ठेविलें नाहीं. तो उठून आपल्या पायांनीं चालूं लागेल तेथवरची व्यवस्था त्यानें लाविली.

३. अंतर हेंही ओझें आहे

गरिबी म्हटली कीं रिकामें मडकें, फाटकें वस्त्र व सावकाराची वही हीं डोळ्यांपुढें उभीं राहतात. अंतर डोळ्यांपुढें येत नाहीं. तरी पाहा: गांवांत प्राथमिक शाळा असते, पण माध्यमिक शाळा पांच-सहा किलोमीटरांवर असते. मुलगा पायीं किंवा कोणाच्या मोटारसायकलवर बसून जातो. मुलीला मात्र “रस्ता निर्जन आहे, पोरगी मोठी झाली” असें म्हणून घरीं बसवितात, आणि दोन वर्षांत तिच्या लग्नाचीं बोलणीं सुरू होतात. विधवा बाईला तालुक्याच्या गांवीं काम मिळण्यासारखें असतें, पण पहिली एस.टी. कामाच्या वेळेनंतर पोहोंचते, आणि जीपचें भाडें दिलें तर मजुरींतून हातीं थोडेंच उरतें. भाजी पिकविणारास बाजार गांठतां येत नाहीं, म्हणून दारीं येणारा व्यापारी सांगेल तोच भाव. याप्रमाणें एकच ओझें तीन रूपें घेतें: शाळा सुटते, काम हुकतें, भाव पडतो.

हें ओझें उचललें तर काय होतें, याचा एक तपासून पाहिलेला दाखला बिहार राज्याचा आहे. तेथील सरकारनें २००६ सालीं नववींत नांव घालणाऱ्या मुलींस सायकल विकत घेण्याकरितां २,००० रुपये देण्याची योजना सुरू केली. कार्तिक मुरलीधरन व निशीथ प्रकाश या दोन अर्थशास्त्रज्ञांनीं तिचा अभ्यास केला. शेजारच्या झारखंड राज्यांत अशी योजना नव्हती, म्हणून दोन्हीं राज्यांची त्यांनीं तुलना केली. त्यांचा अभ्यास २०१७ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांना असें आढळलें कीं, योजनेमुळें माध्यमिक शाळेंत मुलींचें नांव घालण्याचें प्रमाण शेंकडा ३२ नीं वाढलें, आणि मुलगे व मुली यांच्यांतील तफावत शेंकडा ४० नीं कमी झाली. ही वाढ मुख्यतः जेथून शाळा तीन किलोमीटर किंवा त्याहून दूर होती अशा गांवीं झाली. दहावीच्या परीक्षेस बसणाऱ्या मुलींची संख्या शेंकडा १८ नीं, व उत्तीर्ण होणाऱ्यांची शेंकडा १२ नीं वाढली.

या आंकड्यांचा अर्थ उपदेशकानें वर्गास नीट समजावून द्यावा. मुलींची बुद्धि एकाएकीं वाढली नव्हती, आणि आईबापांचें प्रेमही त्याच वर्षीं उत्पन्न झालें नव्हतें. दोन्हीं पूर्वींच होतीं. मध्यें तीन किलोमीटरांची वाट आडवी पडली होती. मुली सायकलींवर गटागटानें जाऊं लागल्या तेव्हां जी वाट एकटीस भयाची होती ती दहाजणींस सोपी झाली. बसणारांपेक्षां उत्तीर्ण होणाऱ्यांची वाढ थोडी आहे, हेंही झांकूं नये. सायकल शाळेच्या दारापर्यंत नेते. दाराच्या आंत चांगला शिक्षक व घरीं अभ्यासास दिवा हीं लागतातच.

४. गरीब शेतकऱ्यांसाठीं जामीन राहिलेला मनुष्य

आतां आपण जर्मनी देशांत व सुमारें पावणेदोनशें वर्षें मागें जाऊं, कारण तेथें जें घडलें त्याचें फळ आज आपल्या गांवांत उभें आहे.

फ्रीड्रिख विल्हेल्म राइफायझेन हा १८१८ सालीं हाम नांवाच्या लहान गांवीं जन्मला. घर गरीब, भावंडें पुष्कळ. वरच्या शाळेंत पाठविण्याचें सामर्थ्य नव्हतें. गांवच्या प्रोटेस्टंट पाळकानें त्यास शिकविलें. तरुणपणीं तो सैन्यांत गेला, पण डोळ्यांच्या विकारामुळें त्यास ती नोकरी सोडावी लागली. १८४५ सालीं तो वेस्टरवाल्ड या डोंगराळ प्रदेशांत वेयरबुश येथें नगराध्यक्ष झाला. आसपासचीं बरींच खेडीं त्याच्या ताब्यांत होतीं.

१८४६ सालीं पीक बुडालें. हिंवाळ्यांत भाकरी महाग झाली आणि गरिबांच्या घरीं उपास पडूं लागले. सरकारनें पीठ पाठविलें, पण रोख पैसे घेऊनच तें द्यावें अशी आज्ञा होती. ज्यांच्याजवळ पैसे होते त्यांना पिठाची निकड नव्हती, आणि ज्यांना निकड होती त्यांच्याजवळ पैसे नव्हते. राइफायझेनानें पीठ गरिबांस उधार दिलें. त्यानें गांवच्या सधन लोकांस एकत्र करून मंडळ स्थापिलें, सार्वजनिक भट्टी बांधविली, आणि बाजारापेक्षां स्वस्त भाकरी गरिबांस मिळूं लागली.

परंतु त्याची दृष्टि भाकरीवरच थांबली नाहीं. त्यानें शाळेची इमारत बांधविली. डोंगरांतील खेड्यांचा माल बाजारापर्यंत पोहोंचत नाहीं हें पाहून वेस्टरवाल्डास ऱ्हाइन नदीच्या खोऱ्याशीं जोडणारा रस्ता त्यानें करविला. भाकर, विद्या व वाट या तिन्हींची गरज त्यानें एकदमच ओळखली. पुढें १८४९ सालीं फ्लामर्सफेल्ड येथें सुमारें ६० सधन गृहस्थ गरीब शेतकऱ्यांसाठीं आपल्या सर्व मालमत्तेनिशीं जामीन राहिले. त्या बळावर मंडळानें गुरें विकत घेऊन शेतकऱ्यांस दिलीं, आणि शेतकऱ्यांनीं त्यांची किंमत पांच वर्षांत हप्त्यांनीं फेडावी असें ठरविलें. शोमरोन्याचा तो शब्द येथें पुन्हां ऐकूं येतो: उरलेलें मी भरीन.

यापुढील गोष्ट आपल्या धड्याचा गाभा आहे. श्रीमंतांच्या दयेवर चाललेलीं हीं मंडळें फार काळ टिकेनात. देणारे थकले. आपला कांहीं लाभ नसतां जोखीम कोठवर वाहावी, असें त्यांस वाटूं लागलें. आणि घेणारे घेणारेच राहिले. तेव्हां १८६४ सालीं हेड्डेसडोर्फ येथें त्यानें मंडळाची रचना पालटली. ज्याला कर्ज पाहिजे त्यानें स्वतः सभासद व्हावें. सर्व सभासदांनीं एकमेकांस जामीन राहावें. मंडळाचें क्षेत्र इतकें लहान असावें कीं प्रत्येकानें प्रत्येकाचा स्वभाव व संसार ओळखावा. कालपर्यंत ज्याला लोक उचलीत होते, तो आज दुसऱ्याच्या चाकाखालीं खांदा देऊं लागला. पौलाचीं दोन्हीं वचनें या एका रचनेंत पुरीं झालीं. राइफायझेन उतारवयांत जवळजवळ आंधळा झाला होता; त्याची कन्या त्यास वाचून दाखवी व त्याचें लिहिणें करी. तो १८८८ सालीं वारला.

त्याचें काम इकडे कसें आलें? मद्रास सरकारनें फ्रेडरिक निकल्सन नांवाच्या अधिकाऱ्यास युरोपांतील शेतकऱ्यांच्या पेढ्या पाहावयास पाठविलें. त्याचे अहवाल १८९५ व १८९७ सालीं निघाले, आणि राइफायझेनासारखा मनुष्य शोधावा, हें त्यांचें सार होतें. १९०४ सालीं हिंदुस्थानांत सहकारी पतपेढ्यांचा कायदा झाला. आज आपल्या गांवांत ज्या संस्थेला आपण नुसतें ‘सोसायटी’ म्हणतों, तिचें मूळ या कायद्यापर्यंत आणि त्यामागें वेस्टरवाल्डांतील त्या भट्टीपर्यंत जातें.

५. अक्षर आणि चाक

आपल्याच देशांतील आणखी एक दाखला घेऊं. तामिळनाडूंतील पुदुकोट्टई जिल्ह्यांत १९९१ सालीं साक्षरतेची चळवळ सुरू झाली. तिचें तामिळ नांव ‘अरिवोळी इयक्कम्’, म्हणजे ज्ञानप्रकाशाची चळवळ. तेथील कलेक्टर शीला राणी चुंकत यांनीं पाहिलें कीं, शिकविणाऱ्या स्त्रियांस गांवोगांव जातां येत नसेल तर प्रकाश जाणार कसा? म्हणून त्यांनीं अक्षरांबरोबर सायकल शिकविण्याची योजना आंखली. बँकांनीं स्त्रियांस सायकलीकरितां कर्ज द्यावें अशी खटपट केली.

शेतमजूर बाया, दगडखाणींत काम करणाऱ्या बाया, अंगणवाडीच्या सेविका व गांवच्या परिचारिका सायकल शिकल्या. पुरुषांनीं थट्टा केली, घाणेरडे शब्दही ऐकविले. त्या थांबल्या नाहींत. पत्रकार पी. साईनाथ यांनीं या चळवळीचें वर्णन लिहून ठेविलें आहे. बायकांच्या सायकली मिळेनात तेव्हां पुष्कळजणींनीं पुरुषांच्या घेतल्या, आणि पुढच्या दांडीवर मूल बसवितां येतें म्हणून त्यांना त्याच सोईच्या वाटल्या. कोणी आसपासच्या खेड्यांत माल विकूं लागल्या. कोणी पाण्याच्या घागरी सायकलीवरून आणूं लागल्या. बसची वाट पाहण्यांत जाणारे तास वांचले. याच जिल्ह्यांत खाणकामगार स्त्रियांचे संघ करून त्यांच्या हातीं दगडखाणी भाडेपट्ट्यानें देण्याचाही प्रयोग झाला. अक्षर, चाक व काम हीं तिन्हीं एकत्र आलीं. अक्षर नसेल तर भाडेपट्ट्याचा कागद कंत्राटदारच वाचून दाखविणार. चाक नसेल तर अक्षर घरांतच राहणार. काम नसेल तर सायकलीचा हप्ता फिटणार नाहीं.

६. मंडळीनें काय करावें

लहान मंडळीजवळ सरकारचें द्रव्य नाहीं आणि साठ सधन गृहस्थही नाहींत. तरी मार्काच्या दुसऱ्या अध्यायांतील पक्षाघात्यास घेऊन येणारे चारच जण होते. पुढील गोष्टी कोणत्याही मंडळीला करतां येतील.

पहिली, आधीं विचारावें. अलीशानें कर्जबाजारी विधवेस प्रथम तिच्या घरांत काय आहे तें विचारलें, आणि जें होतें त्यापासूनच आरंभ केला. पाळकानें व उपदेशकानें घरोघरीं विचारावें: शाळेस व कामास कोठवर जावें लागतें, कशानें, किती वेळ लागतो, किती भाडें पडतें? दवाखान्यास कोण नेतो?

दुसरी, असलेली सोय आधीं मिळवावी. महाराष्ट्रांत ग्रामीण मुलींस शाळेकरितां एस.टी.चा विनामूल्य पास देणारी योजना अहिल्याबाई होळकर यांच्या नांवानें निघाली. मागासलेल्या १२५ तालुक्यांत मानव विकास कार्यक्रमाखालीं २०११ पासून आठवी ते बारावीच्या मुलींसाठीं बसगाड्या व सायकली यांची तरतूद झाली. आपल्या तालुक्यांत काय मिळतें, हें मुख्याध्यापकांस व आगाराच्या कचेरींत विचारावें. अर्ज भरतां न आल्यामुळें एकही मुलगी घरीं राहूं नये. ज्यानें शास्त्र वाचण्याकरितां अक्षरें मिळविलीं, त्यानें शेजाऱ्याचा अर्ज लिहिण्यासही तीं वापरावीं.

तिसरी, लहानसा निधि ठेवावा. सुगीच्या उपकारस्तुतीच्या दानांतून कांहीं भाग बाजूस काढून सायकल, शिवणयंत्र किंवा परीक्षेची फी यांकरितां बिनव्याजी उसनवार द्यावा. परतफेड घेणाऱ्याच्या मिळकतीप्रमाणें आठवड्याची असावी. अनुवाद २४ मध्यें गरिबाचें पांघरूण रात्रीं अडवून ठेवूं नये अशी आज्ञा आहे, म्हणून पोटास लागणारी वस्तु कधीं गहाण घेऊं नये. मोठी रक्कम लागेल तेथें बचत गट किंवा बँक यांकडे जावें, आणि कागद समजल्यावांचून आंगठा किंवा सही करूं नये. ज्यानें फेडलें त्यानें पुढील घेणाऱ्यास जामीन राहावें. घेणारा देणाऱ्यांत येऊन बसला, त्या दिवशीं निधि खरा रुजला असें समजावें.

चौथी, हिशेब उघड असावा. यरुशलेमेच्या गरिबांसाठीं जमविलेलें द्रव्य पौलानें एकट्यानें नेलें नाहीं. कोणी दोष लावूं नये म्हणून मंडळ्यांनीं निवडलेला बंधु सोबत घेतला. आपली वहीही दोघांच्या सहीनें व सर्वांसमोर वाचली जावी.

पांचवी, वस्तु ज्याच्या गरजेकरितां दिली त्याच्याच हातीं राहावी. मुलीची सायकल भावानें बाजारांत न्यावी आणि मुलीनें पुन्हां पायीं जावें, असें झालें तर ओझें उचललें गेलें नाहीं. वडिलांस हें प्रथमच प्रेमानें पण स्पष्टपणें सांगावें.

सहावी, मदतीस आमिष करूं नये. वाटेवर पडलेला मनुष्य कोणत्या पंथाचा, हें शोमरोन्यानें विचारलें नाहीं. ज्या वाडीची वाट आपल्या मंडळीनें सोपी केली त्या वाटेनें सर्व शेजाऱ्यांचीं मुलें जावींत. जी प्रीति मोबदला मागते ती सुवार्तेला लाज आणते.

७. वर्गासाठीं प्रश्न

१. गलतीकर ६:२ व ६:५ यांत कोणतीं दोन ओझीं सांगितलीं आहेत? आपल्या गांवांतील एक एक उदाहरण द्या.
२. शोमरोन्यानें केलेल्या कृत्यांपैकीं कोणतीं आपली मंडळी करते, व कोणतें करीत नाहीं?
३. १८६४ सालीं राइफायझेनानें मंडळाची रचना कां पालटली? त्यापासून आपल्या दानपेटीविषयीं काय शिकावें?
४. आपल्या मंडळींतील किती मुली आठवीनंतर घरीं बसल्या? त्यांची शाळा किती दूर होती?
५. ज्यास आपण अनेक वर्षें दान देत आहों असें एखादें कुटुंब आहे काय? तें देणारें व्हावें यासाठीं त्यास कोणती वाट पाहिजे?

प्रार्थनेचा विषय: जे शाळेस, कामास व दवाखान्यास दूरची वाट चालतात त्यांकरितां, ज्यांजवळ जनावर आहे त्यांना खालीं उतरण्याचें मन मिळावें याकरितां, आणि आज ज्यांस आपण उचलितों त्यांच्या खांद्यांस प्रभूनें बळ द्यावें, व तेही एके दिवशीं दुसऱ्यांस उचलतील, याकरितां.